स्वप्नाला वय नसतं, हप्त्याला असतं

माणसानं चाळिशी ओलांडली की त्यानं काय करावं याची एक यादी समाजानं तयार ठेवलेली आहे. चष्मा करावा, पहाटे फिरायला जावं, कारल्याचा रस प्यावा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर बोलावं. त्या यादीत 'विमान चालवायला शिकावं' हे कलम नाही. मी यादी दोनदा तपासली. बँकेतला माणूस आहे, एका तपासणीवर आमचा विश्वास नसतो.

मी बँकेत क्लार्क. वय ४४. शिक्षण बी.कॉम. गेली एकवीस वर्षं काउंटरच्या आत बसून बाहेरच्या लोकांना 'उद्या या' म्हणतो आहे. अशा माणसानं एके रात्री जेवताना, आमटीची वाटी हातात असताना, "मी वैमानिकाचं लायसन काढावं म्हणतो," असं जाहीर केलं. सौ.नं शांतपणे वाटी काढून घेतली आणि विचारलं, "बँकेत काही झालं का?"

दुसऱ्या दिवशी ही बातमी बँकेत माझ्याआधी पोचली. हेडकॅशियर म्हणाले, "विमान? अहो, तुम्हाला रिक्षात मागे बसून चक्कर येते!" साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कामाचा ताण फार होतो का, असं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तेवढा एक फायदा झाला.

पुढच्या दोन महिन्यांत मला कळलं, की अशा माणसाभोवती दोन जातींचे सल्लागार जमतात. एक 'नकोच' म्हणणारे. हे फुकट असतात. दुसरे 'व्हाच' म्हणणारे. हे महाग असतात. आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी फुकटवाल्यांचा समाचार घेतो. 'या वयात?' हा त्यांचा एकुलता एक प्रश्न. जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये भारतातलं पहिलं वैमानिकाचं लायसन काढलं आणि १९३२ मध्ये टपाल घेऊन कराचीहून मुंबईत जुहूला उतरले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हेच जे. आर. डी. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा एकट्यानं विमान चालवत करून आले, हे फुकटवाले सोयीस्करपणे विसरतात. आणि नियम काय सांगतो? व्यावसायिक वैमानिकाला ६५ व्या वर्षापर्यंत उडता येतं. मला बँक साठाव्या वर्षी नारळ देणार. म्हणजे जमिनीनं हाकलल्यावरही आकाश पाच वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे!

त्यांचा एकच मुद्दा मला मान्य करावा लागतो. विमान कंपन्या प्रशिक्षणार्थी घेताना जाहिरातीत अनेकदा तिशी-पस्तिशीची अट घालतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला नोकरी मिळेलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फुकटवाले यावरून 'शिकूच नका' हा निष्कर्ष काढतात. आमच्या शेजारचे गृहस्थ साठाव्या वर्षी पेटी शिकायला लागले, तेव्हा रेडिओवर कार्यक्रम मिळेल का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांनी त्रास सोसला आणि गप्प बसले.

आता महागवाले. हे खरे धोक्याचे.

एका प्रशिक्षण संस्थेनं हॉटेलात 'मार्गदर्शन शिबिर' भरवलं होतं. मी गेलो. खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेल्या, पंचविशीतल्या एका तरुणानं माझा हात दाबून म्हटलं, "सर, स्वप्नाला वय नसतं." मी विरघळलो. मग त्यानं दरपत्रक काढलं. लेखी परीक्षा, दोनशे तासांचं उड्डाण, वसतिगृह, गणवेश, सगळं एकाच गाठोड्यात. आकडा पन्नास लाख. आठवड्यात पूर्ण रक्कम भरल्यास सवलत. नोकरी अर्थातच सोडायची.

"मी कॉमर्सचा आहे," मी म्हटलं. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, हा नियम १९९० च्या दशकात आला. तो काढून टाकण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या. पण बातमीवर माझ्या बँकेत कर्ज मिळत नाही.

"होऊन जाईल, सर. मुक्त विद्यालयातून दोन विषय द्या."

"आणि मेडिकल?"

"होऊन जाईल."

"आणि नोकरी?"

"होऊन जाईल, सर."

एकवीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला 'होऊन जाईल'चा अर्थ चांगला ठाऊक असतो. आमच्याकडे त्याला थकीत खातं म्हणतात.

तरीही खरं सांगतो, त्या रात्री मी घराचे कागद कपाटातून काढले होते. सौ. झोपली होती. व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. पन्नास लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता महिना सुमारे साडेसदुसष्ट हजार. माझा आख्खा पगार उभा केला तरी दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आणि पगाराला तर मी राजीनामा देऊन घरी पाठवणार होतो! स्वप्नाला वय नसतं हे कबूल. पण हप्त्याला असतं. अठराव्या वर्षी घेतलेला हप्ता अठ्ठाविसाव्या वर्षी फिटतो. माझा चौपन्नाव्या वर्षी फिटला असता, आणि त्याच काळात मुलीचं कॉलेज उरकायचं होतं.

तेवढ्यात मला आमच्या काउंटरवर येणारे एक गृहस्थ आठवले. मुलासाठी त्यांनी फ्लॅट गहाण टाकून अशीच सगळी फी एकदम भरली होती. संस्थेत विद्यार्थी भरपूर, उडणारी विमानं मोजकी. शिकवणारे निम्मे सोडून गेले. मग पावसाळा आला. मुलगा महिनोन्महिने आकाशाकडे बघत बसला आणि वडील पासबुकाकडे. ढग आले की विमान थांबतं. व्याज थांबत नाही.

मी कागद कपाटात ठेवले. मागे वळलो तर सौ. दारात उभी. तिनं एवढंच म्हटलं, "घर सोडून काय उडवायचं ते उडवा."

एवढं शहाणपण त्या शिबिरात दोन तासांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून माझ्यासारख्या, पगारावर जगणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला माझं ठासून सांगणं आहे : गाठोडं घेऊ नका, सुटं घ्या. वाण्याकडून वर्षाचं धान्य आणि महिन्याचा किराणा यांतला फरक आपल्याला कळतो, मग आकाश घेतानाच कुठं जातो?

पहिली पायरी डॉक्टरची. शिकायला 'क्लास टू' मेडिकल लागतं, व्यवसायाला 'क्लास वन'. डोळे, कान, साखर, रक्तदाब, हृदयाचा आलेख सगळं बघतात. धंदा म्हणून उडायचा विचार असेल, तर क्लास वन आधी करून घ्या. काही हजारांत कळेल, की पुढचे लाख घालायचे की नाही. महागवाले हे शेवटी सांगतात, कारण आधी सांगितलं तर गिऱ्हाईक पळतं.

दुसरी पायरी पुस्तकांची. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम. पास व्हायला ७० टक्के लागतात. बी.कॉम.ला आम्ही एवढे टक्के लांबूनच पाहिले होते. पण अभ्यास रात्री घरी होतो, नोकरी सोडावी लागत नाही. वाऱ्याची दिशा आणि विमानाचा वेग यांचा मेळ घालणं हे रोजची कॅश जुळवण्यासारखंच आहे. फरक एवढाच, की कॅश जुळली नाही तर घरी जायला उशीर होतो.

तिसरी पायरी खासगी परवान्याची. याला दहावी पास पुरते. फिजिक्स कुणी विचारत नाही. किमान चाळीस तास उडायचं आणि शक्य तिथं उडाल तसे पैसे मोजायचे. या परवान्यावर भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, म्हणून महागवाले त्याला नाक मुरडतात. पण मुदत सांभाळली तर हेच तास पुढच्या दोनशेंत धरले जातात. आणि चाळीस तासांनंतर थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. घर जागेवर, नोकरी जागेवर. गाठोडं घेणाऱ्याला थांबायची सोय नसते. त्याचे पैसे केव्हाच पुढे निघून गेलेले असतात.

परदेशात जाऊन लवकर उरका, असंही सांगणारे भेटतात. जरूर जावं, ज्याच्याकडे पैसा आणि सुट्टी आहे त्यानं. पण तिथलं लायसन घेऊन आलात तरी इथल्या परीक्षा चुकत नाहीत.

आज माझ्या लॉगबुकात अकरा तास आहेत. सगळे सुट्टीच्या दिवशी, सगळे बोनस आणि रजेच्या पगारातून. शिकवणारे कॅप्टन माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. ते मला 'काका' म्हणतात आणि लँडिंग चुकलं की तेवढंच 'सर' म्हणतात. पहिल्यांदा सुकाणू हातात दिलं तेव्हा चक्कर आली नाही. रिक्षा मी चालवत नव्हतो, हे तिचं कारण असावं.

पुढचं पुढे बघू. तूर्त तास अकरा, कर्ज शून्य. असा ताळेबंद मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत हेडकॅशियर माझ्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघितलं, डबा उघडला, बंद केला आणि हळूच म्हणाले,

"काय हो, त्या मेडिकलमध्ये शुगर किती चालते?"