मांजर्लीत टॉवर वाढले, पण साइटवर हुकूम देणाऱ्या आपल्या मुली कुठे?

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत फिरताना मान वर केली की हिरवी जाळी आणि स्लॅबच्या सळ्या दिसतात. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यानंतर शहर किती फुगलं ते लोकलच्या दारात उभं राहिलं की कळतं. मुंबईत घर परवडेना म्हणून इकडे आलेल्यांत आपली कुटुंबंही आहेत, आणि ही घरं बांधणाऱ्यांतही आपली माणसं आहेत. सेंटरिंग, फॅब्रिकेशन, प्लंबिंग, लादी, पीओपी, रंगकाम, यातलं काही ना काही आपल्या नात्यागोत्यात कुणीतरी करतंच.

पण या धंद्यात आपल्या बायका-मुली दोनच ठिकाणी दिसतात. एकतर डोक्यावर घमेलं, नाहीतर घरी बसून अब्बांची बिलं आणि जीएसटीचे कागद. हिशेब मुलगी सांभाळते, धंदा मात्र मुलाच्या नावावर जातो, मग त्याला त्यात रस असो वा नसो.

मजूर नाक्यावरचं चित्र तर जुनंच आहे. पुरुष बिगारी काही वर्षं हाताखाली शिकून मिस्त्री होतो, पुढे मुकादम, नशीब असेल तर ठेकेदार. बाई वीस वर्षं घमेलं वाहते आणि बिगारीच राहते. नवरा-बायको जोडीने कामाला असतील तर तिची मजुरीही बऱ्याचदा त्याच्याच हातात पडते. तिला थापी आणि ओळंबा हातात द्यायचं कुणाच्या मनातच येत नाही.

सिव्हिल शिकलेल्या मुलींना खुर्ची मिळते, पण वाट तिथेही अडते. त्यांना बिलिंग, क्वांटिटी, प्लॅनिंगला बसवतात. प्रोजेक्ट मॅनेजर निवडताना मात्र पहिला प्रश्न येतो, साइट एक्झिक्युशनचा अनुभव किती? जो अनुभव घेऊच दिला नाही, त्याच्याच अभावी बढती अडते. यात कंपन्यांइतकेच आपणही सामील आहोत. "ऑफिसचं काम असेल तरच जा" हे वाक्य आपल्या घरांत सर्रास ऐकू येतं, आणि रिश्ता बघताना "साइटवर जाते का?" असंही विचारलं जातं.

अडचणी खोट्या नाहीत. कित्येक साइटवर बायकांसाठी धड संडास नसतो. स्लॅबचं काँक्रीट एकदा सुरू झालं की मध्येच सोडून निघता येत नाही, रात्र होते, मग शेवटच्या गाड्या. पण यातली प्रत्येक अडचण संडास, गाडी आणि ड्युटीच्या नीट वाटणीने सुटणारी आहे. मुलीला घरी बसवून त्यातली एकही सुटत नाही.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी लातूर आठवावं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पडलेली गावं नव्याने वसवली गेली, पण हजारो घरं तडे गेलेली, दुरुस्तीच्या लायकीची होती. त्यासाठी सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. धाब्यावरची जड माती का कमी करायची, दगडी भिंत बांधून कशी घ्यायची, हे त्यांनी घरोघर समजावलं आणि काम बरोबर होतंय का यावर नजर ठेवली. यातल्या बहुतेक जणी इंजिनिअर नव्हत्या. त्यांना अधिकार दिला गेला, एवढाच फरक.

वरच्या टोकालाही उदाहरणं आहेत. शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे पतीसोबत 'क्वाड्रिकॉन' काढून त्यांनी पोलादी पूल उभारले. ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. मधला काही काळ सोडला तर २०१५ पासून या कामाची धुरा अश्विनी भिडे यांच्याकडे होती. आणि दीनचं नाव पुढे करून मुलीला अडवणाऱ्यांना मक्केच्या वाटेवरचं पाणी आठवत नाही का? हाजींसाठी ते कालवे आणि विहिरी करवून घेणारी जुबैदा बाईच होती. शेजारच्या बांगलादेशात ढाक्याची बैत-उर-रऊफ मशीद मरीना तबस्सुम यांनी बांधली, तिला २०१६ चा आगा खान पुरस्कार मिळाला.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. मोमीन-अन्सारी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा ओबीसी यादीतल्या घरांना आणि खुल्या वर्गातल्या गरीब घरांनाही हे लागू पडतं. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र सवलत नाही. सिव्हिल आणि आर्किटेक्चरसाठी नवीन पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे.

शिकून झाल्यावर नोकरीच शोधली पाहिजे असं नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या छोट्या कामांत ठरावीक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा असतो. सिव्हिल झालेली मुलगी तिथे स्वतःच्या नावाने नोंदणी करू शकते. फक्त नाव तिचं आणि कारभार भावाचा, असा खेळ नको. चेकवर सही तिची असेल तर साइटवर शब्दही तिचाच चालला पाहिजे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघायला वेळ लागतो, जातीच्या पडताळणीला त्याहून जास्त. बारावीच्या निकालाची वाट न पाहता अंबरनाथ तहसीलच्या खिडकीवर आताच अर्ज टाका.