रिलीज थांबवायला कोण शिकवणार?

सॉफ्टवेअर क्वालिटी हा विषय घेतलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री विचारा, दोन प्रश्न तो हमखास सांगेल. व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन यांतला फरक, आणि सीएमएमआयच्या पाच पातळ्या, आकृतीसह. दोन्हींची उत्तरं पाठ असतात, दोन्हींना मार्क मिळतात. पण उद्या सकाळी हे सॉफ्टवेअर लाखो लोकांच्या हाती द्यायचं की नाही, आणि ते कशाच्या आधारावर ठरवायचं, हे त्याला अख्ख्या पदवीत क्वचितच कोणी विचारतं. या विषयाचा गाभा तोच आहे आणि आपल्या वर्गांतून नेमका तोच निसटतो आहे.

विषय अभ्यासक्रमात नाही, असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला सहाव्या सत्रात तो आला. पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला इलेक्टिव्ह म्हणून तो शिकवला जातो. त्यातला ऐवजही भक्कम आहे: डेमिंग यांच्या नावाने ओळखलं जाणारं पीडीसीए चक्र, मायकेल फॅगन यांनी 1976 साली आयबीएममधून मांडलेली कोड तपासणीची शिस्त, त्याच वर्षी मॅकेब यांनी दिलेलं प्रोग्रॅमची गुंतागुंत मोजायचं माप. आयएसओ 25010 हे मानक तर गुणवत्तेची फोड करून दाखवतं. काम बरोबर होतं का, वेगाने होतं का, सुरक्षित आहे का, उद्या दुसऱ्या कोणाला त्यात बदल करता येईल का. खोट आहे ती शिकवण्याच्या रोखात. सगळा भर दोष शोधण्याच्या तंत्रावर. दोष सापडल्यावर, किंवा तो शोधायला वेळच उरला नाही तर काय करायचं, तिथे पुस्तक मिटतं.

एक साधं उदाहरण घेऊ. निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्क भरायचा रकाना आहे, शून्य ते शंभर. बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस शिकलेला विद्यार्थी पटकन सांगेल: उणे एक, शून्य, एक, नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक भरून बघा. उत्तर बरोबर आहे. पण जो विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाही, त्याच्या रकान्यात काय भरायचं? तिथे शून्य गेलं तर गैरहजर मुलगा नापास ठरेल. रकाना रिकामा राहिला तर निकाल राखून ठेवला जाईल. हा दोष सहा आकडे भरून सापडत नाही. त्यासाठी परीक्षा विभागात जाऊन तिथल्या लिपिकाशी बोलावं लागतं. क्वालिटी मॅनेजमेंट तिथे सुरू होतं, कोडची पहिली ओळ लिहिण्याच्या कितीतरी आधी.

निकालाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका होत्या. निकाल 45 दिवसांत लावायचं कायद्याचं बंधन होतं. ते पाळता आलं नाही. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी लटकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पडद्यावर तपासणी ही कल्पना मुळात वाईट नव्हती. तेव्हा हवे होते ते प्रश्न असे: आधी एखाद्याच शाखेत पूर्ण हंगाम चालवून पाहिलं का? किती प्राध्यापकांनी ही प्रणाली प्रत्यक्ष वापरली आहे? अमुक तारखेपर्यंत रोज इतक्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या नाहीत, तर कागदावर परतायचं, अशी रेघ कोणी आखली आहे का? आणि ती ओलांडली गेली तर 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणाचा? हे चार प्रश्न विचारता येणं म्हणजे हा विषय येणं. ती घटना आपल्या दारातली आहे. ती इथल्या प्रत्येक वर्गात शिकवली गेली पाहिजे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली बडी दलाल कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी तिने नवं सॉफ्टवेअर चालू केलं. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड चढला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर 2003 पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता आणि तो जागा करणारा फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला गेला होता. बाजार उघडला आणि 45 मिनिटांत त्या सर्व्हरने सुमारे 40 लाख व्यवहार करून टाकले. तोटा 46 कोटी डॉलरच्या वर गेला आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं. बाजार नियामकाचा आदेश सर्वांना वाचायला खुला आहे, तो वाचताना दोन बाबी टोचतात. पहिली, चढवलेला कोड दुसऱ्या माणसाने तपासावा असा लेखी नियमच नव्हता. दुसरी, बाजार उघडण्याआधी कंपनीच्या यंत्रणेतून त्रुटीचा उल्लेख असलेले 97 ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. ते इशारे म्हणून योजलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी हललं नाही. आणखी टेस्ट केस लिहून ही पडझड टळली नसती. एका सहीची आणि एका जबाबदार माणसाची गरज होती.

19 जुलै 2024 तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. नव्या रचनेत 21 रकाने होते, प्रोग्रॅम 20 च पुरवत होता. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून चाचण्या पास झाल्या. ते अपडेट आधी थोड्या संगणकांवर आणि मग टप्प्याटप्प्याने सोडलं असतं, तर नुकसान आवरता आलं असतं.

यावर प्राध्यापक मित्र म्हणतात, रिलीजचा निर्णय वरिष्ठांचा असतो, फ्रेशरला तो शिकवून काय उपयोग? मला हे पटत नाही. दोष सर्वांत आधी दिसतो तो बहुतेकदा फ्रेशरलाच. तो कसा नोंदवायचा हे त्याला आलं पाहिजे. 'लॉगिन चालत नाही' असं लिहिलेला बग धूळ खात पडतो. कोणत्या फोनवर, कोणत्या आवृत्तीत, काय केल्यावर, किती वेळा, आणि त्यामुळे कोणत्या ग्राहकाचं काय अडेल, हे लिहिलेला बग मॅनेजरला बाजूला सारता येत नाही. असं लिहिण्याची सवय कॉलेजातच लागते.

आणखी एक गैरसमज खोडला पाहिजे. 'डेव्हलपमेंट नाही मिळालं, म्हणून टेस्टिंगला गेला' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि मुलंही ते मनावर घेतात. ज्या पुण्यात हे बोललं जातं, तिथेच टाटांनी 1981 साली टीआरडीडीसी ही संशोधन संस्था उभी केली आणि तिथल्या संशोधकांनी प्रोग्रॅम न चालवता त्यातले दोष शोधण्याच्या शास्त्रावर वर्षानुवर्षं काम केलं. हे गणित आणि तर्काचं अव्वल काम आहे, दुय्यम मुळीच नाही.

मग बदल काय करायचा? सुरुवात विभागातल्या कपाटापासून करता येईल. तिथे मागच्या बॅचेसचे काळ्या बाइंडिंगचे प्रोजेक्ट रिपोर्ट रचून ठेवलेले असतात. व्हायवा झाला की ते सॉफ्टवेअर कोणी पुन्हा चालवत नाही. त्यातलाच एक प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षाच्या गटाला द्या आणि सांगा: हा चालू करा, यात एक बदल करा, आणि बदलाने जुनं काही मोडलं नाही याचा पुरावा द्या. मेंटेनेबिलिटी या शब्दाची व्याख्या पाठ करायची वेळच येणार नाही. दुसऱ्या गटाने त्या बदलाची तपासणी करावी आणि तिला कोड लिहिण्याइतकेच मार्क असावेत.

आणि लेखी परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा असावा. उघडे दोष बारा, त्यातले दोन गंभीर, चाचण्या ऐंशी टक्के पूर्ण, रिलीज सोमवारी, ग्राहक एक जिल्हा रुग्णालय. सोडाल की थांबवाल? कारणांसह दोन पानं लिहा. उत्तर 'सोडा' असलं तरी चालेल, 'थांबवा' असलं तरी चालेल, मार्क कारणांना. हा पेपर तपासायला उद्योगातली अनुभवी माणसं लागतील. यूजीसीने 2022 पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून अशांना घ्यायची वाट मोकळी केली आहे, तिचा वापर इथे करावा.

अभ्यास मंडळांवर बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत या विषयाचे टॉपिक वाढवू नका, प्रश्नपत्रिका बदला. मुलं प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास करतात, प्राध्यापक प्रश्नपत्रिका पाहून शिकवतात. निकाल, पगार, रेशन आणि रुग्णालयाची नोंद ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते लोकांच्या हाती देण्याआधी पुराव्यानिशी 'अजून नाही' म्हणू शकणारे पदवीधर घडवणं हे विद्यापीठाचंच काम आहे. ते क्लासवाल्यांवर सोडून चालणार नाही.