कोळी काय म्हणाला?

२४ सप्टेंबर २०१९. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी ब्रेंडा हेल निकाल वाचत होत्या. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या तोंडावर पाच आठवडे संसद स्थगित करायला लावली, ते बेकायदा ठरलं. ११ न्यायमूर्ती, एकमत. आणि सोशल मीडियावर चर्चा कशाची? लेडी हेल यांच्या काळ्या ड्रेसवरच्या चमचमत्या कोळ्याची! लगेच त्या कोळ्याचे टी-शर्ट आले, बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेला त्यातून पैसेही मिळाले. (हो, कोळ्याला आठ पाय, तो कीटक नाही. बायोलॉजीवाल्यांनो, मान्य! पण दागिन्यांच्या दुनियेत तो फुलपाखरांच्याच ट्रेमध्ये बसतो.)

जाळं, शिकार, पंतप्रधान अडकले... लोकांनी काय काय अर्थ काढले! हेल यांनी नंतर सांगितलं, छुपा संदेश वगैरे काही नव्हता.

मग कीटकांचे ब्रोच काहीच बोलत नाहीत का? बोलतात की. अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये त्यांच्याच खात्याच्या इमारतीत रशियाचं चोरून ऐकायचं यंत्र सापडलं. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडाही आणि असं यंत्रही. पुढच्या भेटीत रशियन परराष्ट्रमंत्र्यांसमोर बाई गेल्या त्या भलामोठा किडा लावूनच. एक शब्द न बोलता टोमणा पोहोचला. दिवस चांगला असेल तर फुलं, फुलपाखरं. बिनसला असेल तर किडे आणि शिकारी प्राणी, हा त्यांचा ठरलेला हिशोब. २००९ मध्ये त्यांनी यावर 'रीड माय पिन्स' हे पुस्तकच लिहिलं. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच पिना अगदी स्वस्तातल्या होत्या.

महागड्या कीटकांची परंपरा वेगळी. पॅरिसच्या रेने लालिकने १८९७-९८ च्या सुमारास केलेला चतुर आज लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे. रुंदी जवळपास २७ सेंटीमीटर! सोनं, हिरे, आरपार दिसणाऱ्या मिन्याचे पंख, आणि चतुराच्या तोंडातून बाहेर येणारी बाई. सुंदर आहे आणि थोडा भीतिदायकही. खडा किती मोठा यापेक्षा कल्पना किती धीट, हे लालिकने दागिन्यात आणलं.

आता माझा मुद्दा. ऑलब्राइट यांनी किडा मुद्दाम निवडला, हेल यांच्या कोळ्याला अर्थ आपण चिकटवला. या दोन बातम्या एकाच मापाने मोजता येत नाहीत, पण व्हायरल फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. आणि हा छंद आपण बायकांच्या बाबतीतच जास्त करतो. त्या बेंचवरच्या पुरुष न्यायमूर्तींच्या टायचे रंग कुणाला आठवतात का? दुसरी बाजूही आहे: ज्यांना संसद स्थगित होणं म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यातल्या काहींनी कोळ्यामुळेच ती बातमी उघडली असेल. तेवढं श्रेय त्याला देऊ. फक्त पुढचं क्लिक आपल्याला करावं लागतं. निकालाचे परिच्छेद एकूण ७१ आहेत, कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट, आणि इंग्रजी वाटतं तितकं अवघड नाही.