गाडी, दारू आणि तीन सामने

खेळाडूने मैदानाबाहेर, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या वेळात गुन्हा केला, तर त्याची शिक्षा त्याला मैदानावर व्हावी का? पोलीस आहेत, न्यायालय आहे. मग खेळाच्या संघटनेने मध्ये का पडावं? हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतोय. या वयात माझ्या डोक्यात तो यावा याचं कारण अर्थातच आमचा अमेरिकेतला नातू. घरच्या मंडळींना ठाऊक आहेच, हा मुलगा मिनेसोटाच्या 'व्हायकिंग्ज' संघाचा परमभक्त आहे. खेळ फुटबॉल, म्हणजे त्यांचा, चेंडू हातात धरून पळायचा! (त्याला फुटबॉल का म्हणतात हे मी विचारणं आता सोडून दिलंय.)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा लाडका खेळाडू जॉर्डन ॲडिसन याच्यावर एनएफएल या लीगने तीन सामन्यांची बंदी घातली. व्हिडिओ कॉलवर स्वारी रागाने लाल झालेली. "आजी, तो फक्त गाडीत झोपला होता! कुणाला धक्कासुद्धा लागला नाही. तीन मॅचेस कशाला?" मी म्हटलं, थांब बाबा, मला आधी नीट वाचू दे. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे नियम वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही ही सवय अंगात मुरलेली.

तर झालं होतं असं. २०२४ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळ, रात्री साडेअकराच्या सुमारास, हमरस्त्याच्या चालू मार्गिकेत एक रोल्स रॉईस उभी होती आणि तिच्या चालकाच्या जागेवर हे महाशय झोपलेले होते. पुढच्या वर्षी न्यायालयात तडजोड होऊन मूळ आरोपाऐवजी सौम्य आरोपावर प्रकरण मिटलं. लीगने मात्र आपला नियम लावला. २०१४ पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला साधारण दोन सामन्यांची बिनपगारी बंदी होती, २०२० च्या करारात ती तीन सामन्यांची झाली. हंगाम सतरा सामन्यांचा. म्हणजे तीन सामने अगदीच किरकोळ नाहीत.

नातवाला मी एवढंच सांगितलं, की हमरस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीवर मागून कुणी आदळलं नाही, हे ॲडिसनचं नशीब. त्याची त्यात काही करामत नव्हती. तो गप्प बसला, पण पटलं नसावं.

आता याच खेळाडूची आधीची गोष्ट ऐका. २०२३ च्या जुलैमध्ये याच ॲडिसनला सेंट पॉल शहरात पोलिसांनी पकडलं होतं. वेग ताशी १४० मैल, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर. मर्यादा होती ५५ मैलांची. न्यायालयाने दंड केला, काही महिने परवाना काढून घेतला. लीगने एकाही सामन्याची बंदी घातली नाही! उभ्या गाडीत झोपल्याबद्दल तीन सामने आणि सव्वादोनशेच्या वेगाने गेल्याबद्दल शून्य. याचा अर्थ झोपल्याची शिक्षा जास्त झाली असा मी घेत नाही. नियमात दारू ठळक अक्षरात लिहिलेली आहे, वेग तसा लिहिलेला नाही, असा घेते. गाडीखाली सापडणाऱ्याला मात्र समोरचा प्यायलेला होता की नुसताच मस्तीत होता याने काहीच फरक पडत नाही.

मग वेग लीगच्या नजरेला कधी पडतो? कुणी जखमी झालं की. कॅन्सस सिटीचा रशी राइस २०२४ च्या ३० मार्चला डॅलसमध्ये दुसऱ्या एका गाडीबरोबर शर्यत लावल्यासारखा सुटला. वेग ११९ मैल. अनेक गाड्यांचा अपघात झाला, माणसं जखमी झाली आणि हा तिथून चालत निघून गेला. जुलै २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. ३० दिवसांची कैद आणि पाच वर्षांची देखरेख ठरली. त्यानंतर ऑगस्टमध्ये लीगने सहा सामन्यांची बंदी जाहीर केली. अपघात आणि बंदी यांत सतरा महिने गेले. मधल्या हंगामात दुखापत होईपर्यंत तो संघातून खेळत होता.

जुनी प्रकरणं पाहिली तर गणित आणखी गोंधळाचं दिसतं. १९९८ मध्ये सेंट लुईसच्या लिओनार्ड लिटलने दारूच्या नशेत गाडी चालवली, त्यात एका बाईंचा जीव गेला. न्यायालयाने ९० दिवसांची कैद दिली, लीगने आठ सामने. २००९ मध्ये मायामीत डॉन्टे स्टॉलवर्थच्या गाडीखाली एक पादचारी गेला. कैद ३० दिवसांची, पण लीगने अख्खा हंगाम बंद केला. २०१२ मध्ये डॅलसच्या जॉश ब्रेंटच्या हातून त्याचाच संघातला मित्र गेला. १८० दिवसांची कैद, आणि २०१४ मध्ये परत घेताना लीगने दहा सामने बाहेर ठेवलं. आठ, सोळा, दहा. तिन्ही ठिकाणी दारू, तिन्ही ठिकाणी एक मृत्यू. आकडे वेगळे. २०२१ मध्ये लास व्हेगासच्या हेन्री रग्जने १५६ मैलांचा वेग गाठून एका तेवीस वर्षांच्या मुलीला मारलं, तेव्हा संघाने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. २०२३ मध्ये त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे लीगला वेगळं काही करावंच लागलं नाही.

प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, हे मला मान्य आहे. पण लीगला ठाम राहायचं असलं की ती किती ठाम राहते तेही पाहा. २०२२ मध्ये कॅल्विन रिडली या खेळाडूने सामन्यांवर पैज लावली म्हणून त्याला किमान एक पूर्ण हंगाम घरी बसवलं. त्याच्याच म्हणण्यानुसार पैज दीड हजार डॉलरची होती. पैजेमुळे खेळावरचा विश्वास उडतो, म्हणून तिथे कडक राहणं योग्यच आहे. पण मग माणसाचा जीव घेतल्यावर आठ सामने आणि दीड हजार डॉलर लावल्यावर पूर्ण हंगाम, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो? माझ्या मते उत्तर सोपं आहे. पैजेने लीगचा धंदा बसतो. रस्त्यावरच्या अपघाताने बसतं ते दुसऱ्याचं घर.

हे केवळ अमेरिकेचं नाही. आपल्या शेजारी श्रीलंकेत २०१९ च्या ३१ मार्चला कसोटी कर्णधार दिमुथ करुणारत्ने याने कोलंबोत दारू पिऊन गाडी चालवली, एका रिक्षाला धडक दिली. रिक्षावाला रुग्णालयात गेला. क्रिकेट मंडळाने दंड केला. आणि तीन आठवड्यांच्या आत त्याला विश्वचषकासाठी एकदिवसीय संघाचाही कर्णधार केलं! २०१५ नंतर जो एकदिवसीय सामनाच खेळला नव्हता, त्याला. नुकतीच त्याने दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका जिंकून दिली होती. फ्रान्सला २०१८ चा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार ह्यूगो लोरिस त्यानंतर सहाच आठवड्यांत लंडनमध्ये अशाच गुन्ह्यात पकडला गेला. न्यायालयाने ५० हजार पौंडांचा दंड केला, वीस महिने गाडी चालवायला बंदी घातली. कर्णधारपद मात्र देशाचंही राहिलं आणि क्लबचंही.

इथे कुणी म्हणेल, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा? न्यायालयाने दिली ना एकदा? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण आम्हा नोकरदारांकडे पाहा. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित समजला जातो. अर्धवट पगार, निर्वाह भत्ता म्हणून. गुन्हा कार्यालयाबाहेर घडलेला असला तरी. तलाठ्याला, कारकुनाला, शिक्षकाला हा नियम आहे आणि त्याला दुहेरी शिक्षा म्हणून कुणी गळा काढत नाही. मग ज्याच्या नावाचा शर्ट घालून लाखो मुलं हिंडतात, त्याला वेगळा न्याय का?

शाळेत असताना हाच प्रश्न एकदा आमच्यापुढे आला होता. आमच्या कबड्डी संघातला सगळ्यात चांगला चढाई करणारा मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन, विनापरवाना, दोघांना मागे बसवून बाजारातून सुसाट जाताना सापडला. तालुक्याची स्पर्धा चार दिवसांवर. शाळेच्या फाटकाबाहेरची गोष्ट आहे, पालक बघतील, असं शिक्षकांच्या खोलीत निम्म्यांचं मत. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी त्याला संघातून वगळलं आणि प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, की हा नियम आता राखीव खेळाडूपासून कर्णधारापर्यंत सगळ्यांना. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पण शिक्षा चार दिवसांत झाली, तिचं कारण पाचवीतल्या पोरालाही कळलं, आणि मुलाचा अपघात होण्याची वाट कुणी पाहिली नाही. लीगच्या शिक्षांमध्ये या तिन्ही गोष्टी मला दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते. माझा एक विद्यार्थी महामार्गावर एका दारू प्यायलेल्या जीपवाल्यामुळे कायमचा अधू झाला. आता तो झेरॉक्सचं दुकान चालवतो, कुबडी काउंटरला टेकवून ठेवलेली असते. एकदा कागद घ्यायला गेले होते तेव्हा म्हणाला, "बाई, त्या माणसाचं पुढे काय झालं, मला आजवर कुणी सांगितलंच नाही." राग नव्हता त्याच्या आवाजात, नुसती उत्सुकता होती. खेळाडूंच्या बंदीच्या बातम्या वाचताना मला त्याची आठवण येते. किती सामने गेले, संघाचं काय होणार, बदली कोण खेळणार, सगळं असतं. जखमी माणूस एका ओळीत येतो आणि जातो.

शिक्षा म्हणजे सगळं काही नव्हे, हेही खरं. आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स १९९० मध्ये याच गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला, बाहेर येऊन खेळू लागला, संघाने विजेतेपदही मिळवलं. दारू मात्र सुटली ती १९९६ मध्ये. पुढे त्याने व्यसनी खेळाडूंसाठी उपचाराची संस्था काढली. लिटल तर २००४ मध्ये पुन्हा पकडला गेला. त्या वेळी दारूच्या आरोपातून तो सुटला, फक्त वेगाचा गुन्हा राहिला. तेव्हा बंदीबरोबर उपचार सक्तीचा हवा. आणि ब्रेंटच्या खटल्यात मेलेल्या मुलाच्या आईनेच त्याला क्षमा केली होती हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. म्हणून खेळाडूला आयुष्यभर बाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही. क्षमा करायचा अधिकार त्या आईचा आहे, मंडळाचा किंवा मालकाचा नाही, एवढंच म्हणते.

माझ्या मते चार गोष्टी व्हाव्यात. एक, वेगालाही दारूसारखाच लेखी नियम हवा. मर्यादेच्या दुप्पट वेग म्हणजे इतके सामने, कुणी जखमी होवो न होवो. दोन, गुन्हा कबूल असेल किंवा पुरावा स्वच्छ असेल तर बंदीचा काही भाग लगेच लागू व्हावा, दीड वर्षाने नव्हे. तीन, बंदीच्या काळात न दिलेला पगार मालकाच्या खिशात राहू नये, तो जखमींच्या उपचाराला जावा. चार, ठरावीक काळ कर्णधारपद नाही. खेळू दे, पण नाणेफेकीला त्याने जाऊ नये.

खेळाडूंना घरी सोडायला गाडी मिळत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने २०१३ मध्येच उबरशी करार केला होता. ज्यांना चालक ठेवणं सहज परवडतं त्यांनी चावी स्वतः हातात घेतली, तर तो त्यांचा निर्णय असतो आणि त्याची किंमत त्यांनीच द्यायला हवी.

आपल्याकडे २००८ पासून आयपीएल आहे, २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. विशीतल्या पोरांच्या हातात एका रात्रीत मोठा पैसा येतो आणि त्या पैशातून पहिली येते ती गाडी. एखादं मोठं प्रकरण होण्याआधीच आपल्या संघटनांनी असे नियम सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर करावेत, असं मला वाटतं. लोकांचा राग शिगेला पोचल्यावर किंवा अंतिम सामना तोंडावर असताना ठरवलेली शिक्षा कधी फार जास्त होते, कधी फार कमी.

तुम्हाला काय वाटतं ते कळवा. ज्यांच्या घरात गाडी चालवणारी तरुण मुलं आहेत त्यांचं मत वाचायला विशेष आवडेल, मग ती मुलं कुठला खेळ खेळत असोत वा नसोत.