हजेरीपट म्हणजे काम नव्हे

संपादक महोदय,

'घरून काम म्हणजे कामचुकारांना मोकळे रान' हे आपल्या लेखातील विधान पुराव्यावर टिकत नाही. शांघायच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा मिळालेल्यांची कामगिरी घसरली नाही, बढत्याही घटल्या नाहीत. राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. उत्पादकता घटेल म्हणणाऱ्या तिथल्या व्यवस्थापकांचेही मत अखेरीस बदलले. प्रयोग पूर्णवेळ घरून कामाचा नव्हता, हे खरे. पण लेखकाला तर दोन दिवसही नकोत! नवख्यांना शिकवायचे कसे, हा प्रश्न तेवढा रास्त. त्यासाठी सगळ्यांचे कार्यालयाचे दिवस एकच ठेवावेत आणि काम मुदतीसह लेखी नेमून द्यावे. दर तासाला 'ऑनलाइन आहात ना?' विचारणे ही देखरेख नव्हे. प्रशिक्षणाची गरज आधी व्यवस्थापकांना आहे.

— एक वाचक, ठाणे