वाहनपूजा : योग झाला, क्षेमाचे काय?

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, शस्त्रे व अवजारे पुजावीत आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीस सीमोल्लंघन करावे, हा आपला पिढीजात आचार आहे. काळ पालटला तशी तलवारीच्या जागी मोटार आली, नांगराशेजारी ट्रॅक्टर उभा राहिला. भिवंडी शहरात यंत्रमागांना झेंडूच्या माळा चढतात आणि आमच्या वज्रेश्वरीस देवीच्या पायऱ्यांपाशी नव्या कोऱ्या वाहनांची रांग लागते. चाकाखाली लिंबू, पुढे श्रीफळ, वर कुंकवाचे स्वस्तिक. या आचारात न्यून काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु हार वाळल्यानंतर वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या वाहनाची वास्तपुस्त कोण करतो, हे प्रत्येक भाविक कुटुंबाने स्वतःस विचारावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘वाहन’ हा शब्द ‘वह्’ या धातूपासून झाला आहे. वह् म्हणजे वाहून नेणे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे जे आश्वासन दिले आहे, तेथेही क्रियापद याच धातूचे आहे. श्रीमच्छंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या जोडशब्दाची फोड केली आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण हा क्षेम. आजचा आपला दसरा पाहिला, तर तो बहुतांशी योगाचाच उत्सव झाला आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून नवी गाडी घरी यावी, हा आनंद खराच. पण क्षेमाचा मुहूर्त मात्र पंचांगात कोणी शोधीत नाही.

हा विचार मला ग्रंथातून सुचला असे म्हटले, तर ते असत्य ठरेल. तो मला एका इटालियन स्कूटरने शिकविला. माझे वडीलही कीर्तनकार होते. गावोगावच्या सेवेसाठी त्यांनी १९६८ साली लॅम्ब्रेटा घेतली. मागे पेटी बांधलेली, पायांपाशी टाळांची पिशवी, अशी त्यांची स्वारी निघत असे. आज ती स्कूटर माझ्याकडे आहे. तरुण मंडळी तिला पाहून थांबतात आणि हे कोणते वाहन म्हणून विचारतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मिलान शहराच्या लांब्राते या भागात फेर्दिनांदो इनोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. युद्धातील बाँबवर्षावात त्याची धूळधाण झाली. १९४७ साली त्यांनी तेथेच ही स्कूटर सिद्ध केली. तिचे नाव तेथून वाहणाऱ्या लांब्रो नदीवरून आले, आणि तिचा कणा अर्थातच पोलादी नळीचा झाला. तिची प्रतिस्पर्धी व्हेस्पा. तिचे सारे अंग पत्र्याचे आणि इंजिन उजव्या बगलेस. लॅम्ब्रेटाचे इंजिन मध्यभागी व सिलिंडर आडवा. त्यामुळे वजन दोन्ही बाजूंस सारखे बसते आणि मागे पेटी असली तरी गाडी एका अंगास ओढत नाही. मुंबईत भांडुपच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने परवान्याने ती बनविली. भांडुपहून ठाणे, बाळकुम, कशेळी असा जो जुना आग्रा रस्ता भिवंडीस येतो, त्याच रस्त्याने आमची लॅम्ब्रेटा घरी आली.

इटलीत हे उत्पादन १९७१ साली थांबले. तेव्हा भारत सरकारने १९७२ साली स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली, तेथील यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौस आणली, आणि लॅम्ब्रेटाचा वंश तेथे १९९७ पर्यंत चालला. जन्मभूमीने जिला निरोप दिला, तिचा क्षेम आपल्या देशाने पाव शतक वाहिला, ही गोष्ट मला भूषणास्पद वाटते.

आता माझ्या प्रमादाची कथा सांगतो. १९८० च्या सुमारास, मी विशीत असताना, खंडेनवमीस मी या स्कूटरची षोडशोपचार पूजा केली. सायंकाळी वाड्याकडे कीर्तन होते. या जातीच्या इंजिनात पिस्टनच्या वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच ठरल्या मापाने तेल मिसळावे लागते. पूजेच्या गडबडीत मी नुसतेच पेट्रोल भरले. अंबाडी ओलांडल्यावर इंजिन तापले, पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला आणि गाडी जागीच थांबली. पाच-सहा मैल अंधारात ढकलीत, झेंडूच्या हारासह, मी तिला परत आणली. श्रोते वाट पाहून घरी गेले. वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “हार घातलास, तेल घातले नाहीस.”

सिलिंडरला नवे बोअरिंग करावे लागले, नवा पिस्टन बसवावा लागला. त्यानंतर मी प्लग साफ करणे, सायलेन्सरमधील काजळी काढणे, गिअरची केबल ताणणे ही कामे मिस्त्रीशेजारी बसून शिकलो. दर महिन्याच्या शुद्ध नवमीस एक तास त्यासाठी राखून ठेवला आहे.

यावर एका श्रोत्याने मला भर सभेत विचारले, “बुवा, आपण वैराग्य सांगता, आणि जुन्या स्कूटरमध्ये जीव अडकवता. हा जडभरताचा मार्ग नव्हे काय?” पूर्वपक्ष समर्थ आहे. परंतु भागवतातील ती कथा नीट पाहावी. भरताने हरिणशावकाला प्रवाहातून वाचविले, हा त्याचा दोष नव्हता. त्याच्या लळ्यात त्याचे नित्यकर्म सुटले, हा दोष होता. आसक्ती वस्तूकडून सुख मागते; क्षेम वस्तूसाठी श्रम करतो. विराटपर्वातही पांडवांनी शमीवर शस्त्रे ठेवण्यापूर्वी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या आहेत. वर्षभर ताणलेले धनुष्य निकामी होते, हे जाणणाऱ्याची ती पूजा होती. आपण शमीची आठवण ठेवली आणि दोरी विसरलो.

क्षेमात विवेकही येतो. दोन-स्ट्रोक इंजिनाचा धूर अपायकारक असतो, म्हणून मी ती नित्य फिरवीत नाही. नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर मात्र चुकवीत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. सोय चांगली आहे, पण तशी नोंदणी झालेले वाहन नित्याच्या उपयोगासाठी रस्त्यावर आणता येत नाही. एक संग्राहक चांगली रक्कम देऊन आमची लॅम्ब्रेटा काचेआड ठेवू इच्छितात. माझा मुलगा म्हणतो, “द्या. तुमच्यानंतर तिच्याकडे कोण पाहणार?” त्याचा प्रश्न खोटा नाही. मी त्यास सांगितले आहे, की जो कोणी महिन्यातून एक तास माझ्याशेजारी हात काळे करून बसेल, त्याची ही गाडी. अद्याप कोणी आलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

वाचकहो, प्रश्न एका स्कूटरचा नाही. भिवंडीच्या मागावरचा जुना कारागीर आधी मागाला तेल देतो, मग उदबत्ती लावतो. तोच क्रम आपण घरात आणावा. उद्या हार आणण्यास बाजारात जाण्यापूर्वी आपल्या सायकलची साखळी पुसावी, मोटारीच्या चाकांतील हवा व ब्रेक पाहावेत, शिवणयंत्रास तेलाचे दोन थेंब द्यावेत, आणि हे मुलांच्या हातून करवून घ्यावे. मग गंध, फूल, अक्षता. दशमीचे सोने लुटताना योगाचा आनंद तर होईलच; क्षेमाची सवय लागली, तर तो पुढल्या दसऱ्यापर्यंत टिकेल.