विमान पाहावे, पण कसे?

गोव्यात बोगमाळो येथे नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. सहलीत ते जरूर पाहा. पण नुसती छायाचित्रे काढून परतू नका. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून लढलेल्या ‘सी हॉक’ जातीचे विमान तेथे आहे. त्याच्या पंखांची घडी का होते? जहाजावर जागा अपुरी म्हणून. शेपटीखाली आकडा कशासाठी? उतरताना तो जहाजावरील आडव्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थोड्याच अंतरात थांबते.

खुद्द ‘विक्रांत’ मात्र २०१४ साली मुंबईतच दारूखान्यात मोडीत निघाली. तिचे विज्ञान आता या विमानांवरूनच समजून घ्यायचे. म्हणून शिक्षकांनी सहलीपूर्वीच मुलांच्या वहीत चार प्रश्न लिहून द्यावेत. उत्तरे मुलांनीच शोधावीत!